बारदान वजा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
सव्वीस वर्षं मापाडी आहे मी.
पोतं काट्यावर चढतं, आकडा थरथरतो, थांबतो,
मी ओरडतो, कारकून लिहितो,
शेवटी बारदान वजा होतं.
गोणीचं वजन कांद्यात धरायचं नसतं,
हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मला मात्र ते पन्नाशीत कळलं,
दहावीचं बीजगणित पुन्हा उघडल्यावर.
(नापास एकदाच झालो होतो.
परत बसलोच नाही, म्हणून एकदाच.)

पहिले चार महिने
कोपरखैरण्याच्या खोलीत, माळ्यावर,
रोज रात्री दोन तास
सोडवलेली उदाहरणं वाचायचो,
पिवळ्या पेनाने ओळी रंगवायचो,
मान डोलवायचो, कळलं, कळलं.
पुस्तकाला नुसती हळद लागली.
एका रविवारी ते मिटून
कोऱ्या कागदावर एक समीकरण मांडायला गेलो
तर हाताला काहीच लागेना.
सगळी पोतीच होती, दोन-दोन तासांची.
आत मूठभर माल.

मैथिली म्हणाली, बाबा, आता कशाला?
बढती मिळणारे का?
मी म्हटलं, अडकलंय.
दुसरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

आता गाडी खाली होईपर्यंतची वीस मिनिटं,
जुन्या हिशेबपट्टीची मागची बाजू,
पुस्तक डब्याच्या पिशवीत, तळाशी.
कालचं एक गणित,
गेल्या सोमवारचं एक,
आणि गंज चढत चाललाय असं एखादं.
नाही आठवलं तर लगेच पिशवीत हात घालायचा नाही,
थोडं कुढायचं आधी.
काही दिवस मन बैलासारखं बसकण मारतं.
तेव्हा फक्त तारीख लिहितो.
तारखेपुरता तरी पेन हातात येतो,
आणि आलेला पेन
कधीकधी पुढे सरकतो.

चुकांची वही वेगळी आहे, लाल पुठ्ठ्याची.
दिवाळीत ती सलग वाचली
तर एकच चूक अकरा वेळा.
क्षचा वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा:
मी दोन लिहून मोकळा व्हायचो,
उणे आठ विसरायचो.
अकरा वेळा!
मग उमगलं, काट्यावर उणे कधी चढतच नाही.
सव्वीस वर्षांच्या डोळ्यांनी
ते मूळ दिसण्याआधीच खाली टाकलं होतं.

रामसजीवन चहा घेऊन येतो.
त्याला सांगून बघतो हल्ली,
की दोन पारडी आहेत,
दोन्हीत नऊ टाकायचे, तोल ढळत नाही,
डावीकडे पूर्ण वर्ग तयार.
तो किटली खाली ठेवून म्हणाला,
ते झालं, पण नऊच का?

मी तोंड उघडलं. मिटलं.
पुन्हा बारदान.

त्या रात्री माळ्यावर चौकोन काढला,
क्ष बाय क्षची थप्पी.
उजवीकडे तीनची पट्टी लावली, वरती तीनची.
कोपरा रिकामा राहिला.
तीन त्रिक नऊ.
दिवा तसाच ठेवून मी बराच वेळ
त्या कोपऱ्याकडे बघत बसलो,
एवढीशी जागा,
तिथे मी छत्तीस वर्षांपूर्वी नापास झालो होतो.

सकाळी गाळ्याच्या फरशीवर खडूने तीच थप्पी मांडली.
रामसजीवनने कोपऱ्यावर पाऊल ठेवलं,
हां, म्हणाला.
मग उणे आठ सांगितले.
मला वाटलं अडेल आता.
तो ग्लास विसळत म्हणाला,
देणं आहे ते. कुणाचं, ते लिहिलं नसेल पुस्तकात.

लाल वहीत ते वाक्य उतरवलं,
खाली त्याचं नाव.
तेवढ्यात लासलगावची गाडी लागली,
आणि खडूच्या चौकोनावरच
पहिलं पोतं पडलं.