तक्ता तीन

औषधकंपनीचा माणूस टेबलावर ठेवून गेला
चकचकीत पत्रक, व्हॅनिलाच्या वासाचा डबा
आणि एका शोधनिबंधाची झेरॉक्स.
जखमा चाळीस टक्के लवकर भरतात म्हणे.

बाहेर बाकावर अंबूबाई गुर्रम.
तळव्याला जखम. मांडीवर विड्यांचं सूप नाही,
तर हात कुठं ठेवावेत तेच तिला उमजत नाही.
"किती दिस जातंय हे?"
आठ, मी म्हटलं.
हजार विड्यांची मजुरी मनात मोजून
तिनं पदराची गाठ पुन्हा आवळली.

दुपारी सिव्हिलमध्ये पंखा गरम हवा ढवळतो.
मी सारांश वाचत नाही.
सारांश म्हणजे दुकानातली घडी, वरची बाजू.
वडील यंत्रमागावर होते. चादर हाती आली
की आधी उलटी करायचे,
मग भिंग लावून इंचातले तार मोजायचे.
मी तक्ता तीन उघडते.

आत गेले साठ. बाहेर आले एकेचाळीस.
एकोणीस तार कुठं तुटले? लेखक गप्प.
पावडरवाल्यांची साखर मुळातच कमी,
त्यांना रोज ड्रेसिंग, बाकीच्यांना दिवसाआड.
आणि चाळीस टक्के कशाचे? सेंटीमीटरचे.
पाय किती वाचले ते कुणी मोजलंच नाही.
शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत
कंपनीचे आभार.

मला आनंद झाला,
चोर पकडल्याचा तो हलकट, गोड आनंद.

तेवढ्यात इंटर्न शिवलीला माशाळ, चहा फुंकत:
"मॅडम, तुमच्या ज्वारीच्या भाकरीचा तक्ता कुठाय?"

तेवीस वर्षं सांगतेय मी.
भात कमी, कडक भाकरी, शेंगाचटणी बेतानं.
ज्यांची साखर उतरली ते सांगायला आले,
एकानं तर पिशवीभर पेरू आणले.
ज्यांची उतरली नाही
ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले,
किंवा नुसतेच गेले.
मी पेरू मोजले होते.

चिठ्ठीवर लिहिलं: पावडर नको.
डाळ. चालत असेल तर अंडं.
पाय धुऊन कोरडा, चप्पल घरातही.
पुढं पेन अडलं.
"भात सोडू काय, बाई?"
नक्की माहीत नाही, मी म्हटलं.
हे वाक्य या खोलीत पहिल्यांदाच
इतक्या मोठ्यानं.
"मग कुणाला माहीत हाय?"

मी कोऱ्या वहीत तिचं नाव घातलं,
जखमेची लांबी, रुंदी, आजची तारीख,
शेजारच्या दुकानाचा फोन.
सोमवारी या, अंबूबाई.
बरं वाटलं तरी या.
नाही वाटलं
तर नक्की या.