आठ पिवळे

सोहारच्या साइटवर, मुतारीच्या भिंतीला
मीच चिकटवलाय तो तक्ता :
पिवळ्याच्या आठ छटा, खाली अरबी, हिंदी, बंगाली.
पहिली लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी,
आठवी कोऱ्या चहासारखी.
हुसैन बिजले सातवीवर आहे, जूनपासून.

मी त्याला सांगितलं : तासाला एक लिटर.
सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात इथून
किती जण स्ट्रेचरवरून गेले, किती परत आले.
आकडे खरे होते. एकही फुगवला नव्हता.
तो ‘जी साहेब’ म्हणाला
आणि भरलेली बाटली भरलेलीच घेऊन वर चढला.

मग मला वाटलं, आकडे नकोतच.
त्याच्या खोलीवर गेलो, खाटेच्या कडेवर टेकलो.
केळशीचा निघाला. सुक्या बोंबलांवर बोललो,
धाकटीच्या निकाहवर, एजंटाच्या हप्त्यावर.
पाण्याचं काढलंच नाही. कशाला मन मोडा.
किती चांगला वाटलो मी मला, परतताना.

त्या आठवड्यात क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ.

मंगळवारी पहाटे हार्नेस बांधून त्याच्यामागे चढलो.
एकशे बासष्ट पायऱ्या.
वर वारा गरम, खाली मुतारी काडेपेटीएवढी.
‘पाणी प्यालं की उतरावं लागतं,
उतरलं की मुकादम घड्याळ बघतो.
वीस मिनिटं एका खेपेला.
महिन्याची मजुरी किती कापली जाते,
तुम्हीच करा हिशोब.’
केला.
त्याचाही आकडा खरा होता.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

तिथेच, पाइपाला पाठ लावून, म्हटलं :
वीस मिनिटांचं लेखी मागतो. मिळतीलच असं नाही.
पण एक पूर्णांक नऊ म्हणजे काय, ते ऐक.
आणि सांगितलं. सगळं. डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत.
मध्ये दोनदा थांबलो, तो हुकाशी चाळा करत होता म्हणून.
आकडा तोच ठेवला. मऊ नाही केला.

तो बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला.
जहाजं, धूर, त्यापलीकडे कुठेतरी केळशी.
मग बाटली उघडली, अर्धी प्याला,
उरलेली माझ्यापुढे धरली :
‘तुमचे ओठ बघा आधी.’

खाली उतरल्यावर मुतारीत गेलो,
तक्त्यावरून बोट फिरवलं.
सहावी.
कुणाला बोललो नाही.