वाव

एक्स-रेवर मणके मोजते आहे.
अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजते. सत्त्याण्णव.
शेपटाकडचे शेवटचे दोन नेहमी दगा देतात.

फुंशालच्या संग्रहालयाचं तळघर.
एकुलती एक खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला,
तिच्यातून माणसांचे नुसते पाय दिसतात.
टेबलावर ही: दोन हात लांब, काळी, बिनखवल्याची,
डोळा लिंबाएवढा.

आमच्या पाण्यात या वंशाच्या दोघी.
एकीचं नाव कोळसा, लॅटिनमध्ये.
दुसरीचं नुसतंच मधली.
कुणाकुणाच्या मधली,
ते बारसं करणाऱ्यालाच ठाऊक.
मणके शंभराच्या आत तर कोळसा, पुढे गेले की मधली.
एकाच गळाला लागतात, एकाच अंधारात जेवतात;
रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही.

बाप हसला होता.
"कणा मोजून जात ठरवता? मग माझाही मोजा."
चाळीस वर्षं कामरा द लोबुशहून रात्रीची होडी,
त्याचा कणा तेव्हाच वाकलेला.

मोतीबिंदू झाल्यावर मात्र
झुल्मिराच्या दगडी ओट्यावर त्यानं
एकेकीच्या पाठीवरून अंगठा फिरवला:
"ही आपली. ही पाहुणी."
दोन्ही ढिगांतल्या पाच-पाच मी विकत घेतल्या.
नऊ बरोबर निघाल्या.
दहावीला एकशे एक मणके.
तिच्यापुरता शंकेला वाव आहे, असं मी टिपणात लिहिलं.

आता नकाशा.
कोवळ्या असताना दूर उत्तरेला चरतात,
अंडी घालायला आमच्या बेटाखाली येतात म्हणे.
मी ठिपके देत जाते.
ठिपका म्हणजे मासा नव्हे, कुणीतरी सोडलेला गळ.
जिथं दोरी गेली नाही तिथं समुद्र कोरा.

बरणीवरच्या चिठ्ठीला अक्षांश लागतो.
एलेउतेरियोच्या वहीत अक्षांश नाहीत:
"मठाचा दिवा डोंगराआड गेल्यावर अर्धा तास.
आठशे वाव. वारा बरा. इव्होनीला गोवर."

होडीचा वेग धरून एक बिंदू काढला, अंदाजे.
खोलीच्या रकान्यात मीटर हवेत.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरून
या बोटापासून त्या बोटापर्यंत.

टेबलाशी उभी राहून पसरले.
त्याचे माझ्यापेक्षा लांब होते,
किती, ते विचारायचं राहून गेलं.