सरपण रचून झाल्यावर

तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा ठेवून दिला.
पहिल्यांदा म्हटलं, किटली वाजतेय.
दुसऱ्यांदा म्हटलं, कुत्रा बाहेर राहिला.
कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली.
तिसऱ्यांदा कारण सापडलं नाही,
नुसताच ठेवला.

इर्या आत झोपली होती,
म्हणजे डोळे मिटून कळा मोजत होती.
एकावन्न वर्षांनी एवढं कळतं.
टू हार्बर्सच्या धक्क्यावर मी जन्मभर
लोखंडाचं खनिज बोटींत ओतलं,
साठ हजार टन एकेका बोटीत,
आणि हा प्लास्टिकचा रिसीव्हर पेलवेना.

चौथ्यांदा एक बाई बोलली, कोलीन नावाची.
सावकाश सांगा, म्हणाली.
मी सरळ पायऱ्यांचंच सांगत सुटलो:
दाराला चार पायऱ्या, तिसरी हलते,
न्हाणीघराचं दार अरुंद,
आणि आमच्या रस्त्यावरचा बर्फ काउंटीवाले
सगळ्यात शेवटी काढतात, तेही मनात आलं तर.
ती मध्ये बोलली नाही.
मग विचारलं, आजारी कोण आहे?

बायको, म्हणालो.
पुढचं वाक्य डुलुथच्या डॉक्टरने
सप्टेंबरातच माझ्यासमोर ठेवलं होतं.
मी ते अजून उचललं नव्हतं.
मला वाटायचं, हॉस्पिसला फोन म्हणजे सही.
केली तर ती मरणार.
नाही केली, तर नुसती आजारी.

नाव?
इर्या. इर्या साल्मेला.
पलीकडे टकटक झाली, मग थांबली.
"मिस्टर साल्मेला, त्यांचं नाव आहे आमच्याकडे.
मे महिन्यात त्यांनीच फोन केला होता."

मे महिन्यात
ती बटाटे लावत होती.
मे महिन्यात तिने मला एकाच दिवशी दोनदा दुकानात धाडलं,
एकदा खिळ्यांना, एकदा विसरलेल्या खिळ्यांना,
आणि मी वाटभर कुरकुरत गेलो.

"त्यांनी लिहून घ्यायला लावलंय. वाचू?"
वाचा.
"नवरा ऑक्टोबरात फोन करील, सरपण रचून झाल्यावर.
त्याआधी तुम्ही करू नका.
तो पायऱ्यांबद्दल बोलेल. बोलू द्या."

मी खुर्ची शोधू लागलो.
ती माझ्या मागेच होती.

गुरुवारी पलंग आला.
जेवणाचं टेबल भिंतीला टेकून उभं राहिलं,
चारी पाय खोलीकडे.
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी एक पांढरी पेटी,
कळेचे थेंब, धापेचे थेंब,
आणि फोनपाशी चिठ्ठी:
रात्री काहीही झालं तरी अँब्युलन्स नाही, आम्हाला.

नर्सने इर्याला विचारलं, तुम्हाला काय हवंय?
मला वाटलं, फीनिक्सहून मुलाला बोलवा म्हणेल,
किंवा पास्टरला.
सौना, म्हणाली ती.
नर्स हसली नाही. किती पावलं आहे, विचारलं.
एकतीस, मी म्हणालो.
कधी मोजली होती कोण जाणे.

पलंगाचं तोंड खिडकीकडे आहे.
तिथून सरोवर दिसत नाही, शेड दिसते.
आज सकाळी ती ओठ हलवत बसली होती.
मला वाटलं, प्रार्थना.
"रेइनो," म्हणाली, "एक रांग कमी आहे."

आहे. बर्चची.
महिनाभर ती ताडपत्रीखाली तशीच पडली आहे.
ऑक्टोबर गेला, निम्मा नोव्हेंबर गेला,
आणि मी स्वतःला सांगत राहिलो,
अजून सरपण रचून झालं नाही.

मी काही बोललो नाही. तिनेही विचारलं नाही.
"खिडकी जराशी उघड," एवढंच म्हणाली,
"लाकडावर लाकूड पडलेलं ऐकू येऊ दे."

तिच्यावर दुसरी रजई घातली, हातमोजे शोधले,
तिसरी पायरी जपून उतरलो.
सरपण फार नाही, तासाभराचं काम.
मी संध्याकाळपर्यंत पुरवतो.