टेबलाची उंची

मरोळच्या गाळ्यात जर्मन मशीन आलं
तेव्हा नारळ मीच फोडला.
वर्षभर हप्ते, त्याहून जास्त रुसवे;
व्हॉल्व्ह दिवसाला होते तेवढेच.

मग शेठनी नवा नमुना काढला, पितळी, नाजूक.
खपला.
पण हात बसेपर्यंत
भंगाराचा डबाच आधी भरायचा.

जोडणीवरच्या फिलोमिनाबाईंनी एका दुपारी
कुणाला न विचारता चार विटा आणल्या,
टेबलाच्या पायांखाली सारल्या,
वायसरचा ट्रे डावीकडून उजवीकडे घेतला.
वाकणं थांबलं.
त्या महिन्यात बेरीज चुकली वाटून
मी तीनदा केली.

ताळेबंदात मशीनला रकाना आहे, घसाऱ्यासकट.
विटा कुठे लिहू?
त्यात त्या शेजारच्या बांधकामावरच्या.