दुसरा भाग

ब्लफच्या धक्क्यावर कालवं फोडता फोडता
रेवी म्हणतो, पहिल्या भागात समुद्र होता,
नाही म्हणत नाही.
पण तीन तासांत कुणाचे ओठ
एकदाही खारट झाले नाहीत.

लेक वेलिंग्टनला. चार वर्षं
एकाच लाटेचा फेस करते आहे,
थेंब थेंब. पडद्यावर सहा सेकंद.
फोनवर म्हणते, बाबा, या वेळी बघाच.

आणि गोष्ट?
ती जरा थांबते.
गोष्ट... तीच आहे म्हणा.

हं, म्हणत तो सुरी पुसतो.
इन्व्हरकार्गिलची दोन तिकिटं,
वर चष्म्याचे वेगळे डॉलर.
एक त्याचं, एक शेजारच्या मेविसचं,
जी मागच्या वेळी मध्यंतराआधीच घोरू लागली होती.

वरच्या खिशात, पाणी लागू नये म्हणून
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.