अर्धा मीटर

मुहर्रक. पाचवा तास. नववी ब.
बाहेर सेहेचाळीस अंश, म्हणून मधली सुट्टीही वर्गातच;
डब्यांचा वास अजून पंख्याखाली घुटमळतोय.

भिंतीवर नकाशा उघडते
आणि वर्षांची पट्टी मागे ओढते.
दोन हजार दहा. सत्त्याण्णव. चौऱ्याऐंशी.
बेटाची कड आत आत सरकते
पाटीवरचं गणित ओल्या बोटाने पुसावं तशी,
आणि आमची शाळा पाण्यात उभी राहते.
पोरं टाळ्या पिटतात.
शिजो म्हणतो, मिस, म्हणजे आपण मासे.

दारात मरहून काका, शाळेचा जुना राखणदार,
पाण्याचा जग हातात तसाच.
नकाशा त्याला वाचता येत नाही,
पण बोट नेमकं ठेवतो:
इथं बाप बुडी मारायचा, कातडी पिशवी घेऊन.
समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचा झरा होता.
मी तिथं खूण टोचते, झऱ्याचं नाव विचारते.
तो सांगतो. घशातला तो उच्चार
माझ्या कुठल्याच अक्षरात बसत नाही.

आता दुसरी पट्टी. पुढची.
ताहूरा मुकादम उठते, बाप ड्रेजरवर,
तळाची वाळू उपसून रोज किनारा वाढवणारा.
दहा सेंटिमीटर. वीस.
निळा रंग चढतो, आवाज न करता:
पार्किंग, बेकरी, तिची इमारत.
अर्धा मीटर.
टाळ्या नाहीत.
कुठल्या वर्षी, मिस?
वर्ष या पट्टीवर नाही, मी म्हणते,
आपण किती जाळतो त्यावर आहे.
खिडकीमागे एसी धापा टाकतो.

न विचारताच ती नकाशा आग्नेयेला ओढते,
अख्खा अरबी समुद्र एका बोटाने,
बाणकोटच्या खाडीपर्यंत.
तिथं चित्र फुटतं. भुरे चौकोन.
उंचीची माहिती उपलब्ध नाही.
समोरच्या काठावर माझं बागमांडला,
त्याच चौकोनात.
मी हे वर्गाला सांगत नाही.

घंटा होते. गृहपाठ देते:
आपल्या दारापासून समुद्र किती पावलांवर,
मोजून या. ऊन उतरल्यावर.
बाकं सरकतात, बाटल्या गडगडतात.
ताहूरा वही मिटता मिटता विचारते,
कुठल्या दारापासून?